कॅट केबल लावली तरी रिग बोलत नाही: खालून वर तपासायची रीत

रिग म्हणजे हॅमचा रेडिओ सेट, आणि कॅट केबल म्हणजे त्याला कॉम्प्युटरवरून आज्ञा देणारी केबल. ती लावूनही सॉफ्टवेअरमध्ये लाल बटण दिसतं, 'रिग फेल्युअर' अशी खिडकी उघडते, आणि मग माणूस एका दमात बॉड रेट (डेटाचा वेग) बदलतो, ड्रायव्हर काढून दुसरा टाकतो, केबल दुसऱ्या यूएसबीत घालतो, रिगच्या मेनूतले दोन आकडेही फिरवतो. तासाभराने मूळ दोष कुठे होता हे कळायला मार्ग उरत नाही, कारण एका दोषाचे आता तीन झालेले असतात. इंदुरातल्या आपल्या मराठी हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचे मदतीसाठी जे फोन येतात, त्यांत बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. मूळ बिघाड किरकोळ असतो, वरचा गोंधळ मोठा असतो.

रिग आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये यूएसबीची चिप, तिचा ड्रायव्हर, केबल, व्होल्टेजची पातळी, रिगचा मेनू, आज्ञांची भाषा आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर असतं. वरचं काहीही खालचं ठीक असल्याशिवाय चालत नाही. म्हणून तपासणी खालून वर करायची. एका वेळी एकच बदल, आणि टप्पा पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. एखाद्या टप्प्यावर अडलात तर तिथेच थांबा, दोष तिथेच आहे.

## बसण्याआधीची तयारी

समोर घ्या: रिगचं मॅन्युअल, साधा मल्टीमीटर (महाराणी रोडवर मिळणारा कोणताही डिजिटल चालेल), डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल बाहेर न सोडणारा भार), दोन्ही टोकं सोललेली बोटभर बारीक तार, वही आणि पेन. कॉम्प्युटरवर टर्मिनल प्रोग्राम (पोर्टवर थेट अक्षरं पाठवणारा आणि आलेली दाखवणारा) लागतो. केनवुड आणि याएसूच्या नव्या रिगसाठी पुट्टी पुरतं, कारण त्यांच्या आज्ञा साध्या अक्षरांत असतात. आयकॉम आणि याएसूच्या ८१७, ८५७, ८९७ या रिगना हेक्स बाइट (सोळाच्या पायावर लिहिलेले आकडे) पाठवाव्या लागतात, त्यासाठी रिअलटर्मसारखा प्रोग्राम घ्या.

मॅन्युअल उघडून पाच गोष्टी वहीत उतरवा: जॅक कोणता, पातळी कोणती (आरएस-२३२, टीटीएल की थेट यूएसबी), बॉड रेट, स्टॉप बिट (प्रत्येक अक्षराच्या शेवटी जाणारे बिट) किती, आणि आयकॉम असेल तर रिगचा पत्ता. नेटवरच्या कुणाच्या तरी स्क्रीनशॉटवरून आकडे घेऊ नका. त्याच्या रिगचा मेनू त्याने बदललेला असू शकतो.

मग रिगशी बोलणारं प्रत्येक सॉफ्टवेअर बंद करा. लॉगबुक, डिजिटल मोड, क्लस्टर, घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात गुपचूप चालू असलेली चिन्हंसुद्धा.

सावध: अँटेना काढून डमी लोड लावा, पॉवर सगळ्यात कमी करा, व्हॉक्स (आवाज आला की रिगने आपोआप ट्रान्समिटवर जाणं) बंद करा. तपासणीत रिग अचानक ट्रान्समिटवर जाणं नेहमीचं आहे. डब्ल्यूपीसीचा (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा) परवाना अजून हातात आला नसेल, तर पीटीटीचा (रिगला ट्रान्समिटवर घालण्याचा) टप्पा परवानाधारकासोबतच करा.

## टप्पा १: केबल खरंच तुमच्या रिगची आहे का

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे घाई नको.

आरएस-२३२ मध्ये (कॉम्प्युटरच्या जुन्या सीरियल पोर्टची पद्धत) ओळ, म्हणजे डेटाची तार, शांत असताना तिच्यावर उणे व्होल्टेज असतं, आणि काम चालू असताना ते उणे-अधिक होत राहतं. ३ ते १५ व्होल्टपर्यंत काहीही चालतं. टीटीएलमध्ये मात्र सगळं शून्य ते ५ व्होल्टमध्ये (काही ठिकाणी ३.३) चालतं, आणि शांत ओळ वर, म्हणजे ५ व्होल्टवर असते. दोन्हींचं तर्कशास्त्र एकमेकांच्या उलट आहे. त्यामुळे नऊ पिनचा कनेक्टर आणि मिनी-डिन (रिगवरचा छोटा गोल कनेक्टर) यांच्या तारा नुसत्या एकमेकींना डाग देऊन जोडल्या, तर रिग बोलत नाही, आणि अधिक १२ किंवा उणे १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या पिनवर गेल्याने आतला भाग जळू शकतो. मध्ये पातळी बदलणारी चिप हवीच.

याएसूच्या एफटी-८१७, ८५७ आणि ८९७ वर आठ पिनचं मिनी-डिन आहे आणि पातळी ५ व्होल्टची टीटीएल. आयकॉमचा रिमोट जॅक साडेतीन मिलिमीटरचा असतो. त्यात एकाच तारेवर दोन्ही बाजूंचं बोलणं चालतं, त्याला सीआय-व्ही म्हणतात. आयसी-७३००, एफटी-९९१ए, टीएस-५९० यांच्या आतच यूएसबीची चिप आहे, त्यांना साधी यूएसबी केबल पुरते.

नऊ पिनचा कनेक्टर असलेल्या रिगमध्ये आणखी एक फरक बघावा लागतो: केबल सरळ की उलटी. टीएस-२००० ला सरळ लागते, एफटी-८४७ ला २ आणि ३ नंबरच्या तारा उलटलेली नल मोडेम लागते. दोन्ही केबल बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. मीटर बीपवर ठेवा आणि एका टोकाची पिन २ दुसऱ्या टोकाच्या २ ला वाजते की ३ ला, ते बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सावध: ८१७ आणि ८५७ च्या त्या आठ पिनांपैकी एकीवर १३.८ व्होल्ट असतात. घरी केबल बनवली असेल तर प्रत्येक शेजारी पिनेशी शॉर्ट नाही ना, हे रिगला लावण्याआधी मीटरने बघा. शिवाय त्याच रिगच्या मागे सहा पिनचा डेटा जॅक असतो, तो आणि आठ पिनचा सारख्याच आकाराचे दिसतात. प्लग जात नसेल तर जोर लावू नका, भिंग घेऊन पिना मोजा.

सावध: जेल रोडवरून यूएसबी केबल घेताना ती डेटाची आहे का हे विचारून घ्या. आयसी-७०५ ला मायक्रो यूएसबी लागते आणि घरात पडलेल्या कित्येक मायक्रो यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत डेटाच्या दोन तारा नसतातच.

## टप्पा २: कॉम्प्युटरला पोर्ट दिसतो का

विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्ट्सची ओळ पसरवा. आता केबल काढा आणि परत लावा. लावताना जी ओळ उगवते आणि काढताना जी नाहीशी होते, तोच तुमचा पोर्ट. तिच्यापुढचा कॉम नंबर वहीत लिहा. यादीत कॉम १ बऱ्याचदा आधीपासून असतो, तो मदरबोर्डचा. तोच निवडून बसणारे पुष्कळ आहेत.

ओळ उगवतच नसेल तर केबल किंवा यूएसबीचं भोक बदला. पिवळं चिन्ह असेल तर त्यावर दोनदा टिचकी मारा आणि कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही.

कोड १० आणि प्रॉलिफिकची चिप एकत्र दिसली तर बहुधा एकच कारण असतं. पीएल२३०३ च्या जुन्या एचएक्सए चिपचा आणि तिच्या नकलांचा पाठिंबा प्रॉलिफिकने नव्या ड्रायव्हरमधून काढून टाकला आहे. नवा ड्रायव्हर ही चिप २०१२ पासून बंद झाल्याचं डिव्हाइसच्या नावातच लिहून दाखवतो. जुना ड्रायव्हर टाकून ती चालवता येते, पण विंडोजचं पुढचं अपडेट तो परत बदलतं. माझं स्पष्ट मत: अशा केबलवर वेळ घालवू नका, एफटीडीआयची किंवा सिलिकॉन लॅब्सची चिप असलेली घ्या. एफटीडीआयच्याही नकला बाजारात भरपूर आहेत. नकली चिप ओळखल्यावर कंपनीचे काही ड्रायव्हर डेटाऐवजी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' हे शब्द पाठवतात. टर्मिनलवर ते दिसले तर दोष रिगचा नाही.

एफटी-९९१ए लावल्यावर एक नाही, दोन पोर्ट उगवतात: एन्हान्स्ड आणि स्टँडर्ड. कॅट एन्हान्स्डवर चालतं. स्टँडर्ड हा पीटीटी आणि कीइंगसाठी (मोर्स पाठवण्यासाठी) आहे. स्टँडर्ड निवडला तर पोर्ट उघडतो, चूक दाखवत नाही, आणि रिग मात्र गप्प राहते.

लिनक्सवर असाल तर पोर्ट टीटीवाययूएसबी या नावाने दिसेल. उघडायला परवानगी नाही असं आलं, तर आपलं खातं डायलआउट गटात घाला आणि एकदा लॉगआउट करून परत या. सीएच३४० ची केबल लावल्याबरोबर पोर्ट दिसून नाहीसा होत असेल, तर ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय नावाची सेवा तो बळकावते. ती लागत नसेल तर काढून टाका.

तपासणी: केबल तीनदा काढ-घाल करा. तिन्ही वेळा तोच कॉम नंबर, पिवळं चिन्ह नाही. मगच पुढे.

## टप्पा ३: लूपबॅक, म्हणजे केबल स्वतःशी बोलते का

रिग बाजूला ठेवा. टर्मिनलमध्ये तुमचा कॉम पोर्ट उघडा, फ्लो कंट्रोल (म्हणजेच हँडशेक, दोन्ही बाजूंचं थांब-पाठव) बंद करा. आता केबलच्या रिगकडच्या टोकाला पाठवायची आणि घ्यायची पिन त्या बारीक तारेने जोडा. नऊ पिनच्या कनेक्टरवर त्या २ आणि ३. कीबोर्डवर काही टंका. जे टंकलं ते पडद्यावर दिसलं, तर कॉम्प्युटरपासून केबलच्या टोकापर्यंत रस्ता मोकळा आहे.

आता तार काढा आणि परत टंका. अक्षरं यायची थांबली पाहिजेत. हा उलटा भाग बरेच जण सोडतात आणि फसतात. टर्मिनलमध्ये लोकल एको (टंकलेलं स्वतःच पडद्यावर दाखवणं) चालू असेल तर अक्षरं तार असो-नसो दिसतात, आणि तुटलेली केबलही पास झाल्यासारखी वाटते.

सीआय-व्ही केबलला तार लावावी लागत नाही. तिथे पाठवणं आणि घेणं टोकाशी एकत्रच असतं, त्यामुळे मोकळ्या केबलवरही टंकलेलं परत येतं. येत नसेल तर इंटरफेस मेला आहे किंवा त्याला वीज मिळत नाही. जुने ट्रान्झिस्टरवाले इंटरफेस डीटीआर आणि आरटीएस या नियंत्रणाच्या ओळींमधूनच वीज घेतात. टर्मिनलमध्ये त्या दोन्ही वर करून बघा. मोकळी असताना बोलणारी केबल रिगच्या जॅकमध्ये घातल्यावर गप्प झाली, तर प्लगमध्ये शॉर्ट आहे.

## टप्पा ४: मीटर लावा

पोर्ट टर्मिनलमध्ये उघडा ठेवून, ग्राउंडच्या सापेक्ष, पाठवायच्या पिनवर व्होल्टेज मोजा. आरएस-२३२ केबलवर उणे ५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त उणे दिसलं पाहिजे. टीटीएलवर ५ किंवा ३.३. रिगला लावलेल्या सीआय-व्हीच्या टोकावर शांत असताना ५ च्या जवळपास. टीटीएलच्या म्हणून विकलेल्या केबलवर उणे व्होल्टेज दिसलं, तर ती तुमच्या ८५७ ला लावायची नाही.

याच टप्प्यावर एक गोष्ट अशी बघायची, जी कॅटची वाटत नाही पण आहे. १०० वॉटची रिग ट्रान्समिटवर २० अँपिअरच्या आसपास ओढते. वीजपुरवठ्याच्या उणे तारेचा स्क्रू ढिला असेल आणि तिथे ०.०२ ओहमचा अडथळा आला, तर ०.४ व्होल्ट त्या जागीच पडतात. कॉम्प्युटरचं ग्राउंड आणि वीजपुरवठ्याचं ग्राउंड घराच्या अर्थिंगमधून एकत्र आलेलं असतं. म्हणजे त्या प्रवाहाला परत जायला दुसरी वाट सापडते: तुमच्या डेटा केबलची ग्राउंडची बारीक तार. उणे तार पूर्ण सुटली तर सगळा भार त्या केसाएवढ्या तारेवर येतो, आणि केबलबरोबर यूएसबी पोर्टही जातो.

सुदामानगरातल्या एका मित्राकडे प्रत्येक ट्रान्समिटला पोर्ट नाहीसा व्हायचा. त्याचे केबलवर फेराइटचे (रेडिओ लहरी अडवणारे) सहा मणी घालून झाले होते. मीटरचं एक टोक रिगच्या चॅसीवर आणि दुसरं वीजपुरवठ्याच्या उणे टर्मिनलवर ठेवलं. रिसीव्हवर आकडा शून्याजवळ होता, डमी लोडवर की दाबताच अर्ध्या व्होल्टच्या वर गेला. टर्मिनलचं प्लॅस्टिकचं बटण फिरवून बघितलं तर ते पाऊण फेरा ढिलं निघालं. ते आवळलं आणि पोर्ट जायचा थांबला.

सावध: पहिल्यांदा जोडताना रिग बंद, लॅपटॉप बॅटरीवर आणि चार्जर भिंतीतून काढलेला ठेवा. रामबाग, नारायणबागेकडच्या जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकाला अर्थिंग असेलच याची खात्री नसते. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी अर्थिंग बघून घ्या, मग रिग जोडा.

## टप्पा ५: रिगचा मेनू

आता वहीतले आकडे काढा आणि रिगच्या मेनूशी ताडून बघा.

बॉड रेट दोन्हीकडे एकच हवा. याएसूच्या पुष्कळ रिग कारखान्यातून ४८०० वर येतात, आणि सॉफ्टवेअर मात्र ३८४०० मानून चाललेलं असतं. आयकॉममध्ये ऑटो असेल तर तो काढून ठरावीक आकडा घाला. ऑटो चालतो, पण तपासणीच्या वेळी एक अनिश्चित गोष्ट कमी झालेली बरी.

८५७ मध्ये कॅट, लिनिअर (पॉवर वाढवणारा जोड) आणि ट्यूनर यांचा जॅक एकच आहे. कॅट/लिन/ट्यून हा मेनू कॅटवर नसेल, तर बाकी सगळं अचूक असूनही रिग उत्तर देणार नाही. वापरलेली रिग घेतली असेल तर हा मेनू सगळ्यात आधी बघा, आधीच्या मालकाने बरेचदा ट्यूनर लावलेला असतो.

आयसी-७३०० मध्ये सीआय-व्ही यूएसबी पोर्ट 'अनलिंक' करा. तो रिमोट जॅकशी जोडलेला राहिला तर वरचे वेग मिळत नाहीत. पत्ता ९४ आहे का बघा. आयसी-७०६ एमकेटूजीचा ५८, ७१८ चा ५ई, ७१०० चा ८८. हे सगळे हेक्स आकडे आहेत. सॉफ्टवेअर ९४ साधा दशमान समजत असेल तर तिथे १४८ लिहावं लागेल.

टीएस-२००० आणि ९९१ए सारख्या रिग आरटीएस ओळ बघतात. ती वर नसेल तर आज्ञा ऐकूनही उत्तर देत नाहीत. तीनच तारांची केबल असेल तर टीएस-२००० च्या बाजूला ७ आणि ८ पिन एकमेकींना जोडा. ९९१ए मध्ये कॅट आरटीएस मेनू बंद करून चालतं.

स्टॉप बिटकडे कुणी बघत नाही. ८१७, ८५७, ८९७ ला दोन लागतात. टीएस-२००० ला ४८०० वर दोन, त्याच्या वरच्या वेगांना एक.

## टप्पा ६: मध्यस्थाशिवाय रिगशी बोला

हा टप्पा सोडू नका. इथे उत्तर आलं, तर पुढचा प्रत्येक दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा किंवा आरएफचा (केबलमध्ये शिरणाऱ्या रेडिओ लहरींचा) आहे हे पक्कं होतं.

रिग ७.०७४ मेगाहर्ट्झवर ठेवा.

केनवुड आणि नव्या याएसू: टर्मिनलमध्ये कॅपिटल एफ, ए आणि अर्धविराम टंका. एंटर दाबायचं नाही. केनवुड एफए पुढे अकरा अंक देईल: ०००७०७४००० च्या आधी आणखी एक शून्य, मग अर्धविराम. ९९१ए नऊ अंक देईल: ००७०७४०००. प्रश्नचिन्ह आणि अर्धविराम आलं तर नाराज होऊ नका. रिगला आज्ञा कळली नाही, पण ती ऐकते आहे आणि बोलते आहे. चुकीचं अक्षर किंवा जादा एंटर गेला असेल.

आयकॉम ७३००: हेक्समध्ये पाठवा: एफई एफई ९४ ई० ०३ एफडी. पहिल्या दोन बाइट सुरुवातीच्या, ९४ रिगचा पत्ता, ई० कॉम्प्युटरचा, ०३ म्हणजे वारंवारता सांग, एफडी शेवट. उत्तर असं हवं: एफई एफई ई० ९४ ०३ ०० ४० ०७ ०७ ०० एफडी. मधले पाच बाइट उलटे वाचा, शेवटून पहिल्याकडे: ०० ०७ ०७ ४० ००. झाले ७.०७४. एको चालू असेल तर तुमचीच आज्ञा आधी परत दिसेल, मग उत्तर. फक्त आज्ञाच परत आली तर केबल ठीक आहे, पत्ता किंवा वेग चुकला आहे.

याएसू ८५७ आणि तिच्या बहिणी: ०० ०० ०० ०० ०३. पाचही बाइट एकदम जायला हव्यात, रेंगाळत नाही. उत्तर ०० ७० ७४ ०० आणि शेवटी मोडचा बाइट, यूएसबी म्हणजे अपर साइडबँड मोडसाठी ०१ (केबलची यूएसबी नव्हे).

पडद्यावर कचरा अक्षरं आली तर बॉड रेट चुकला आहे, किंवा पातळी उलटी आहे. काहीच आलं नाही, तर टप्पा ५ पुन्हा, मग १.

तपासणी: डायल फिरवा, आज्ञा परत पाठवा. आकडा डायलप्रमाणे बदलला पाहिजे.

## टप्पा ७: एकच सॉफ्टवेअर उघडा

टर्मिनल बंद करा. विसरू नका, कारण पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असतो.

डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या (डिजिटल मोडच्या प्रोग्रामच्या) रेडिओ पानावर रिगचं नाव नेमकं निवडा. ७०६ आणि ७०६ एमकेटूजी या वेगळ्या रिग आहेत. पोर्ट, बॉड, स्टॉप बिट, हँडशेक वहीतून भरा. सॉफ्टवेअरमधली पीटीटी सध्या व्हॉक्सवर ठेवा (रिगचा व्हॉक्स बंदच राहू द्या), म्हणजे या टप्प्यावर सॉफ्टवेअर रिगला की करणार, म्हणजे ट्रान्समिटवर घालणार नाही. 'टेस्ट कॅट' दाबा, हिरवं झालं की पास.

लाल झालं तर संदेश पूर्ण वाचा. पोर्ट उघडता आला नाही किंवा प्रवेश नाकारला असं असेल, तर दुसरा प्रोग्राम पोर्टवर बसला आहे किंवा कॉम नंबर बदलला आहे. रिगचा यात काही संबंध नाही. 'टाइम्ड आउट' असेल तर पोर्ट उघडला, आज्ञा गेली, उत्तर आलं नाही: मॉडेल, वेग, स्टॉप बिट, आरटीएस. या दोन संदेशांतला फरक ओळखला तर निम्मा वेळ वाचतो.

मधूनमधून तुटत असेल तर पोलिंगचा (रिगला पुन्हापुन्हा विचारण्याचा) वेळ बघा. टीएस-२००० चं आयएफ आज्ञेचं उत्तर ३८ अक्षरांचं असतं. ४८०० बॉड आणि दोन स्टॉप बिटना प्रत्येक अक्षराला ११ बिट लागतात, म्हणजे एका उत्तराला जवळपास ८७ मिलिसेकंद. लॉगबुकने सेकंदाला दहा वेळा विचारायचं ठरवलं तर ओळ तुंबणारच. वेग वाढवा किंवा विचारणं कमी करा.

लॉगबुक आणि डिजिटल मोड दोन्ही एकत्र हवे असतील, तर दोघांना एकाच पोर्टवर भिडवू नका. ओम्निरिग किंवा एफएलरिगला पोर्ट द्या आणि बाकीच्यांना त्याच्याशी बोलू द्या. पण हे दोन्ही प्रोग्राम एकेकटे चालल्यानंतरच.

## टप्पा ८: पीटीटी

डमी लोड, ५ वॉट. आधी पीटीटीची पद्धत कॅट निवडा. 'टेस्ट पीटीटी' लाल होऊन रिग ट्रान्समिटवर गेली आणि परत आली तर झालं. वेगळ्या इंटरफेसवर पीटीटी असेल तर आरटीएस किंवा डीटीआर निवडा. मात्र ज्या पोर्टवर हार्डवेअर हँडशेक चालू आहे, तिथे आरटीएस पीटीटीला देऊ नका, ती ओळ दोघांना पुरत नाही.

सावध: पुष्कळ प्रोग्राम पोर्ट उघडताना या दोन्ही ओळी आपोआप वर करतात, आणि विंडोजही सुरू होताना पोर्ट चाचपडतं. पीटीटी या ओळींवर असेल तर कॉम्प्युटर चालू करताच रिग की होऊ शकते. कॉम्प्युटर आधी चालू करा, रिग नंतर. आयसी-७३०० मध्ये यूएसबी सेंड आणि यूएसबी कीइंग लागत नसतील तर बंद ठेवा.

## टप्पा ९: डमी लोडवर चालतं, अँटेनावर तुटतं

हा आता आरएफचा प्रश्न आहे, ड्रायव्हरला हात लावू नका. ५ वॉटवर टिकतं आणि ५० वर तुटतं, किंवा २० मीटरच्या बँडवर चालतं आणि ४० मीटरच्या बँडवर नाही, ही त्याची खूण. गच्चीवरून खिडकीतून थेट टेबलावर येणारी एंड-फेड वायर (एका टोकाने जोडलेली अँटेना) असेल तर जवळपास खात्रीच.

क्रम असा: आधी अँटेनाच्या फीडलाइनवर (अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलवर) चोक, म्हणजे तिच्यावरून परत येणारी आरएफ अडवणारं वेटोळं. मग यूएसबी केबल शक्य तितकी आखूड करा, जादा लांबी गुंडाळून ठेवू नका. मग त्या केबलवर ३१ नंबरच्या मिश्रणाचा फेराइट, कॉम्प्युटरच्या टोकाजवळ, आणि केबल त्यातून एकदा नाही तर चार-पाच वेळा ओवलेली. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) एकदा ओवलेला मणी जवळपास काहीच करत नाही, मॉनिटरच्या जुन्या केबलवरून काढलेल्या मण्यांवर तर अजिबात विसंबू नका.

तुटणं ट्रान्समिटशी जुळत नसेल आणि दहा-पंधरा मिनिटं काही न केल्यावर होत असेल, तर ते आरएफ नाही, वीजबचत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर पानावरची 'हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा आणि पॉवर प्लॅनमधलं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

## चालू झाल्यावर

कॉम नंबर, बॉड, स्टॉप बिट, पत्ता, पीटीटीची पद्धत आणि ड्रायव्हरची आवृत्ती एका चिठ्ठीवर लिहून रिगच्या झाकणावर चिकटवा. केबल नेहमी त्याच यूएसबी भोकात लावा, दुसऱ्यात लावली तर पुष्कळ चिपांचा कॉम नंबर बदलतो. आणि जूनमध्ये माळव्यावर पहिले गडगडाटी ढग दिसले की अँटेना काढताना डेटा केबलही काढा. फीडलाइनवरून आलेला झटका रिगमधून त्याच वाटेने लॅपटॉपपर्यंत जातो.